गाईची पोटफुगी : एका जुन्या कोड्याचा इतिहास

ज्या घरीं दुभतें जनावर आहे त्या घरास पोटफुगीची ओळख करून द्यावयास नको. सकाळची धार आटोपल्यावर गाय चरावयास सुटते, दंवानें भिजलेल्या कोवळ्या हिरव्या चाऱ्यांत शिरते, आणि तासभर आधाशासारखी चरल्यावर एकाएकीं मान वर करून उभी राहते. तिची डावी भकाळी, जी एरवीं खोलगट असावयाची, ती भरून येते, फुगत फुगत कण्याच्याही वर चढते, आणि तिच्यावर बोटें मारलीं तर नगाऱ्यासारखा आवाज निघतो. गाय मागच्या पायानें पोटावर लाथा मारते, वारंवार उठबस करते, जीभ बाहेर काढून धापा टाकते. आणि वेळेवर उपाय न झाल्यास खालीं कोसळते ती पुन्हां उठत नाहीं. हा सगळा प्रकार कधीं कधीं एक-दोन तासांच्या आंत घडून जातो. दीर्घ दुखण्यानें खंगत गेलेल्या जनावराच्या मृत्यूला मनाची कांहीं तयारी तरी झालेली असते. पोटफुगीनें जाणारी गाय मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत चरवी भरून दूध देणारी, धडधाकट, खाण्याला तरतरीत अशी असते. आणि ज्याचा संसार एका-दोन गाईंवर चालतो त्याच्या घरीं त्या सकाळीं काय उरतें हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

या रोगांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. एकाच शेतांत, एकाच वेळीं, एकच चारा खाणाऱ्या दहा गाईंपैकीं दोन फुगतात आणि आठ स्वस्थपणें रवंथ करीत बसतात. पुढच्या वर्षीं पाहावें तों बहुधा त्याच दोन पुन्हां फुगतात. असें कां व्हावें? गुराख्यांना हा प्रश्न पडून फार काळ लोटला असेल. शास्त्रज्ञांनीं मात्र तो गंभीरपणें हातीं घेतला तो विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. तोंपर्यंत सर्वांचें लक्ष गाईवर नव्हे, तर तिच्या पोटांतील वायूवर खिळलेलें होतें. तें तेथें कां खिळलें आणि तेथून कसें हललें, हीच या विषयाच्या इतिहासांतील मुख्य हकीकत होय.

प्रथम पोटाची रचना पाहिली पाहिजे. रवंथ करणाऱ्या जनावराचें पोट म्हणजे एकामागून एक असलेले चार कप्पे. त्यांतला पहिला व सर्वांत मोठा कप्पा तें कोठीपोट. मोठ्या गाईच्या शरीरांत तें डाव्या बाजूस छातीच्या पडद्यापासून थेट पुठ्ठ्यापर्यंत पसरलेलें असतें, व त्यांत शंभराहून अधिक लिटर ऐवज मावतो. त्याला लागूनच मधाच्या पोळ्यासारख्या अस्तराचें जाळीपोट, मग पोथीच्या पानांसारख्या पडद्यांचें पडदेपोट, आणि शेवटीं माणसाच्या जठराशीं ज्याची तुलना करतां येईल असें खरें पोट. गाय चरतांना घास फारसा चावीत नाहीं. ती तो कोठींत धान्य ओतावें तसा कोठीपोटांत लोटते, व निवांतपणीं घोट घोट परत तोंडांत आणून चघळते. दिवसाचे सहा ते आठ तास हें काम चालतें, आणि चोवीस तासांत गाय शंभर लिटरांहून अधिक लाळ गिळते. हा आंकडा ऐकून आश्चर्य वाटेल. पण तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे, कारण या कोड्याची एक किल्ली त्या लाळेंतच सांपडावयाची होती.

रोग जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोलुमेला नांवाच्या रोमन ग्रंथकारानें शेतीवर जो विस्तृत ग्रंथ लिहिला, त्याच्या सहाव्या खंडांत बैलांच्या अपचनाचें वर्णन आहे. वारंवार ढेकर, पोटांत गुरगुर, अन्नाचा तिटकारा हीं पूर्वचिन्हें; त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास पोट फुगतें, कळा वाढतात व जनावर कण्हूं लागतें, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. निरीक्षण इतकें नेमकें करणाऱ्या याच गृहस्थानें पुढें असेंही सांगितलें आहे कीं, पाण्यांत पोहणारीं पांखरें, त्यांतही विशेषतः बदक, दृष्टीस पडलें असतां पोटाची कळ शमते! जनावरांच्या वैद्यकांत डोळस अनुभव आणि निव्वळ भाबडेपणा हे दोघे एकाच दावणीला कसे बांधलेले असत, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. आणि रोमन लोकांना त्याबद्दल हंसण्याचा अधिकार कोणाही देशाला फारसा नाहीं.

युरोपांत ही पीडा विशेष जाणवूं लागली ती सतराव्या व अठराव्या शतकांत, आणि तिचें कारण दुष्काळ नसून समृद्धि हें होतें. पूर्वीं जमिनीचा कस टिकविण्यासाठीं तिसऱ्या वर्षीं शेत पडीक ठेवीत. त्या पडीक शेतांत क्लोव्हर, म्हणजे आपल्या लसूणघासाच्या गोत्रांतील त्रिदळी पानांचा द्विदल चारा, पेरण्याची पद्धत सुरू झाली. जमीन सुधारली, गुरांना भरपूर सकस वैरण मिळूं लागली, दूध वाढलें, शेणखत वाढलें व त्याबरोबर धान्यही वाढलें. या गवताचा महिमा एवढा झाला कीं, जर्मन प्रदेशांत त्याचा हिरीरीनें प्रचार करणाऱ्या योहान ख्रिश्चन शूबार्ट या शेतकरी-लेखकास सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८४ सालीं सरदारकी बहाल केली, आणि त्या किताबांत ‘क्लोव्हरच्या शेताचा’ असा शब्दच घातला. गवतानें माणसाला सरदार केल्याचीं उदाहरणें जगाच्या इतिहासांत फार नसावींत. परंतु ज्या शेतांतून दूध आलें त्याच शेतांतून पोटफुगीही आली. क्लोव्हर जितकें कोवळें व भरगच्च, तितकी धास्ती अधिक.

त्या काळीं उपाय एकच खात्रीचा मानीत : डाव्या भकाळींत ठराविक जागीं छिद्र पाडून वायूला वाट करून देणें. यासाठीं टोंकदार सळई व तिच्यावर घट्ट बसणारी नळी असें जोडहत्यार असे. दोन्ही एकदम आंत खुपसावयाचीं, सळई ओढून काढावयाची आणि नळी आंत ठेवावयाची. ट्रोकार या नांवानें हें हत्यार गुरांच्या दवाखान्यांतून सर्वांच्या परिचयाचें आहे. थॉमस हार्डी यांच्या १८७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या कादंबरींत याचाच एक प्रसंग आहे. कुंपण मोडून मेंढ्या कोवळ्या क्लोव्हरमध्यें शिरतात व फुगून पडूं लागतात. आणि नळीची जागा अचूक जाणणारा गॅब्रिएल ओक हा एकच मेंढपाळ त्यांना वांचवूं शकतो. हार्डी यांनीं तेथें हिशेबही दिला आहे. एकूण मेंढ्या ५७. त्यांपैकीं ४९ नळीनें वांचल्या, एकीच्या बाबतींत नेम चुकला, चार आधींच मेल्या होत्या, आणि तीन मेंढ्या कोणतेंही शस्त्र न लावतां आपोआप बऱ्या झाल्या. कादंबरी वाचणाऱ्याचें लक्ष साहजिकच त्या ४९ मेंढ्यांकडे आणि नायकाच्या कौशल्याकडे जातें. शास्त्राच्या दृष्टीनें खरा प्रश्न त्या शेवटल्या तिघींचा होता. पण तो विचारला जावयास आणखी पाऊणशें वर्षें लागलीं.

नळी खुपसली कीं हवा बाहेर पडते, यावरून सर्वांनीं सरळ अनुमान काढलें कीं ओल्या हिरव्या चाऱ्यानें पोटांत भलताच वायु उत्पन्न होतो व तोच गाईला मारतो. हें अनुमान दिसावयास इतकें सोपें होतें कीं त्याची परीक्षा करावी असें कोणास वाटलें नाहीं. दरम्यान पचनाचें ज्ञान दुसऱ्याच वाटेनें पुढें जात होतें. १८४३ सालीं पॅरिस येथें ग्रूबी व देलाफों या दोघांनीं कोठीपोटांतील रस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला, तों त्यांत असंख्य सूक्ष्म प्राणी वळवळतांना दिसले. १८८० नंतरच्या दशकांत जर्मनींत टापायनर यानें दाखविलें कीं, गवताचा जो काष्ठमय भाग गाईचे स्वतःचे पाचक रस विरघळवूं शकत नाहींत, तो कोठीपोटांत आंबून त्याचीं उडून जाणारीं अम्लें बनतात. आणि १९४४ सालीं केंब्रिज येथें बारक्रॉफ्ट, मॅकअनाली व फिलिप्सन यांनीं सिद्ध केलें कीं हीं अम्लें कोठीपोटाच्या भिंतींतून थेट रक्तांत शोषलीं जातात. म्हणजे गाय गवतावर जगते हें म्हणणें अर्धेंच खरें. गवतावर जगतात ते तिच्या पोटांतील सूक्ष्म जीव, आणि त्यांनीं टाकून दिलेल्या अम्लांवर व शेवटीं खुद्द त्यांच्या देहांवर जगते ती गाय. आंबवणाच्या रांजणांतून बुडबुडे निघतात तसे या रांजणांतूनही निघावयाचेच. कर्बद्विप्राणिद वायु व मिथेन हे त्यांतले मुख्य. भरपूर हिरवा चारा खाल्लेल्या गाईच्या पोटांत तासाला तीस लिटर किंवा त्याहूनही अधिक वायु तयार होऊं शकतो.

हा वायु जातो कोठें? ढेकरेवाटे. दर मिनिटाला एकदां अशा सुमारास गाय ढेकर देते; पण ती इतकी निमूटपणें देते कीं शेजारीं बसलेल्या माणसासही कळूं नये. अमेरिकेंतील डॉगर्टी यांनीं याचा अनेक वर्षें अभ्यास केला, व १९६२ सालीं असें दाखवून दिलें कीं ढेकरेचा बराच वायु प्रथम फुफ्फुसांत शिरतो आणि मग श्वासाबरोबर बाहेर पडतो. आवाज न होण्याचें कारण बहुधा हेंच असावें. या यंत्रणेंत एक चोख पहारेकरी नेमलेला आहे. अन्ननलिका जेथें पोटांत उघडते तेथें नुसती हवा असेल तरच दार उघडतें. द्रव किंवा फेस येऊन भिडला तर दार मिटून राहतें. ही व्यवस्था नसती तर प्रत्येक ढेकरेसरशी पोटांतील रस फुफ्फुसांत जाऊन गाय गुदमरली असती. जी व्यवस्था गाईला रोज वांचविते तीच पोटफुगीच्या दिवशीं तिच्या जिवावर उठते, हें पुढें दिसून येईलच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पोटफुगीच्या कारणांविषयीं नाना मतें निघालीं. कोणी म्हणाले, क्लोव्हरमध्यें विष असतें व त्यानें कोठीपोटाची हालचाल बंद पडते. हें मत अगदींच निराधार नव्हतें. आपल्याकडे ज्वारीचे पावसाअभावीं खुरटलेले कोवळे फुटवे खाऊन जनावर पटकन मरतें, त्याला किराळ लागणें म्हणतात, व तें खरोखरीच विषानें होतें. पांढऱ्या क्लोव्हरच्या कांहीं जातींतही त्याच प्रकारचें विष देणारें द्रव्य अल्प प्रमाणांत असतें. पण फुगलेल्या गाईचें कोठीपोट थंड पडलेलें नसतें, सुरुवातीस तर तें अधिकच जोरानें हलतें, हें दिसून आल्यावर या मतांतील जोर ओसरला. दुसरें मत कॅलिफोर्नियांतील कोल, मीड व क्लायबर यांचें. १९४२ सालच्या त्यांच्या पुस्तिकेंत त्यांनीं असा विचार मांडला कीं, मऊ लुसलुशीत चाऱ्यानें पोटाच्या आंतील अस्तराला टोंचणी लागत नाहीं, म्हणून ढेकर येत नाहीं; तेव्हां हिरव्या रानांत सोडण्यापूर्वीं जनावरास कोरडी, खरखरीत वैरण घालावी. उपदेश उत्तम होता. आपल्याकडचे जाणते शेतकरीही भल्या पहाटे कडबा टाकल्यावांचून गुरांना लसूणघासांत सोडीत नाहींत. उपदेशाचें कारण मात्र पुढें बरेंचसें निराळें निघालें. बरोबर उपाय चुकीच्या कारणासाठीं सांगितला जाणें, ही वैद्यकांत वाटते तितकी दुर्मिळ गोष्ट नाहीं.

लक्ष वायूवरून हललें तें १९४३ च्या सुमारास. दक्षिण आफ्रिकेंतील ऑन्डरस्टपूर्ट येथील पशुवैद्यक संशोधनसंस्थेंत क्विन हे मेरिनो मेंढ्यांच्या पोटाचा अभ्यास करीत होते. फुगलेल्या मेंढीच्या पोटांत वायूचा मोकळा सांठा नसून सगळा ऐवज फसफसून त्याचा फेस झालेला असतो, यावर त्यांनीं बोट ठेविलें. गुरांच्या वैद्यांना हें नवें होतें असें नाहीं. नळी खुपसल्यावर कधीं कधीं हवेऐवजीं हिरवा फेस येऊन नळीच बुजते, हा अनुभव पुष्कळांना होता, पण ती अपवादात्मक अडचण समजली जात होती. क्विन यांच्या म्हणण्याचा अर्थ असा कीं, अपवाद तोच नियम आहे. वायु रोजच्याइतकाच तयार होतो. फरक एवढाच कीं तो वर येऊन एकत्र गोळा होत नाहीं. साबणाच्या फेसाप्रमाणें लक्षावधि बारीक बुडबुड्यांत तो अडकून पडतो, फेस चढत चढत अन्ननलिकेच्या तोंडाशीं येतो, आणि मघां सांगितलेला पहारेकरी दार लावून घेतो. मग कोठीपोट फुगतें, छातीच्या पडद्यावर रेटा येतो, फुफ्फुसांना पसरावयास व रक्ताला हृदयाकडे परतावयास वाव राहत नाहीं.

घसा अडल्यामुळें किंवा गाय कुशीवर अडकून पडल्यामुळें ढेकर बंद होऊन मोकळ्या वायूनें पोट फुगण्याचा प्रकारही आहे. त्यांत नळीचा उपयोग तत्काळ होतो. लग्नकार्यांतलें उरलेलें अन्न किंवा पोळ्याच्या दिवशीं प्रेमानें चारलेल्या पुरणपोळ्या यांनीं होणारी फुगी आणखी निराळी; तिच्यांत आंबटपणा हा मुख्य शत्रु असतो. तथापि कोवळ्या द्विदल चाऱ्यानें होणारी, कळपच्या कळप आडवा करणारी फुगी ती फेसाचीच.

फेसाचें हें मत कसोटीस लागलें न्यूझीलंडमध्यें. त्या देशाचें वैभव दुधावर, आणि दूध राई-गवत व पांढरें क्लोव्हर यांच्या मिश्र कुरणांवर उभें आहे. तेथील वसंत म्हणजे सप्टेंबरपासूनचे महिने. त्या दिवसांत गाई नुकत्याच व्यालेल्या, भर दुधांत असतात, आणि क्लोव्हरही ऐन भरांत. पामर्स्टन नॉर्थ येथील सरकारी प्रयोगशाळेंत जॉन्स व रीड या दोघांनीं १९५० नंतरच्या दशकांत विचार केला कीं, रोग फेसाचा असेल तर औषध फेस मोडणारें असलें पाहिजे. आणि फेस मोडणारी अत्यंत सुलभ वस्तु म्हणजे तेल. त्यांनीं ज्या तेलांचे प्रयोग केले त्यांत भुईमुगाचें तेल प्रमुख होतें. तें पाजल्यावर फुगलेली भकाळी थोड्याच वेळांत उतरूं लागे. पुढें त्यांनीं पाण्यांत मिसळलेलें तेल कुरणावरच फवारलें, आणि विजेच्या तारेच्या कुंपणानें आंखून दिलेल्या तेवढ्याच पट्ट्यांत गाई सोडल्या. ज्या कुरणांत गाय सोडण्याची छाती होत नसे तेथें त्या निर्धोकपणें चरल्या.

ही हकीकत वाचून महाराष्ट्रांतील कोणत्याही शेतकऱ्यास ओळखीचें हंसूं येईल. गाय फुगली कीं गोडेतेलांत हिंग किंवा थोडें टर्पेंटाइन घालून पाजावयाचें, आणि तिच्या तोंडांत लिंबाचें दांडकें आडवें बांधावयाचें, हा खेडोपाडीं चालत आलेला इलाज; आणि गोडेतेल म्हणजे भुईमुगाचेंच तेल. दांडकें बांधल्यानें तोंड उघडें राहून मोकळा वायु सुटावयास मदत होते, शिवाय गाय तें चघळीत राहिल्यानें लाळ भरपूर सुटून पोटांत जाते. प्रयोगशाळेनें जें शोधलें तें खेड्याला ठाऊक होतें असा डांगोरा पिटण्याचें मात्र कारण नाहीं. खेड्याला उपाय ठाऊक होता, फेस ठाऊक नव्हता. म्हणूनच गुण आला तर श्रेय हिंगाला मिळे, व न आला तर दोष नशिबाला. शिवाय उतावीळपणें गाईची मान वर ओढून, जीभ धरून तेल ओतलें म्हणजे तें श्वासनळींत उतरतें, आणि फुगींतून वांचलेली गाय चार दिवसांनीं फुफ्फुसाच्या दाहानें जाते. असले प्रसंग थोडे झालेले नाहींत.

तेलांत एक उणीव होती. त्याचा गुण कांहीं तासच टिके, म्हणून तें दिवसांतून दोनदां देणें भाग पडे. न्यूझीलंडमध्यें दोन्ही वेळच्या धारेला प्रत्येक गाईच्या तोंडांत मापानें औषध सोडण्याचा रिवाज पडला. कांहीं ठिकाणीं तर गाईच्या कुशीवर तेल फांसून ठेवीत व ती तें आपोआप चाटी. अमेरिकेंत मिसिसिपी येथें बॅरेन्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ सालीं पेनिसिलिन अल्प मात्रेनें देऊन पोटफुगी थांबविली, पण कांहीं आठवड्यांत सूक्ष्म जीव त्या औषधाला सरावत. कॅन्सासमध्यें बार्टली यांनीं १९६० नंतरच्या दशकांत पोलॉक्झालीन नांवाचें फेस मोडणारें कृत्रिम द्रव्य पुढें आणलें व तें फार गुणकारी ठरलें. फेस कोठून येतो याचाही उलगडा होत गेला. हिरव्या पानांत विरघळणारी प्रथिनें असतात. पान चुरगळून फुटलें कीं तीं आणि पानांतल्या हरितकणांचे तुकडे रसांत मिसळतात, व त्यांचे पातळ पापुद्रे बुडबुड्यांभोंवतीं बसून ते फुटूं देत नाहींत. १९६४ सालीं कॅनडांत मॅकआर्थर, मिल्टिमोर व प्रॅट यांनीं लसूणघासांतील असें फेस टिकविणारें प्रथिन वेगळें काढून दाखविलें. कोरड्या वैरणीचें रहस्यही येथेंच उलगडलें. ती खरखरीत म्हणून उपयोगी पडत नाहीं इतकी, जितकी ती चावावी लागते म्हणून. चावतांना लाळ सुटते, आणि लाळेंतील बुळबुळीत द्रव्य फेसाला मारक आहे. लुसलुशीत चारा न चावतां गिळतां येतो, म्हणून लाळ कमी, म्हणून फेस अधिक.

येथपर्यंत चारा समजला, फेस समजला, औषधही सांपडलें. दहांतल्या त्या दोन गाई मात्र अजून तशाच उभ्या होत्या. १९४३ सालीं अमेरिकेंत नॅप, बेकर व फिलिप्स यांनीं एका जनावरापासून दुसऱ्यापर्यंत पोटफुगीचें प्रमाण कसें बदलतें याची नोंद प्रसिद्ध केली होती. यापुढचें महत्त्वाचें पाऊल न्यूझीलंडमध्येंच, हॅमिल्टन शहराजवळील रुआकुरा येथील संशोधनकेंद्रांत पडलें. तेथें हॅनकॉक यांनीं एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्या कालवडींच्या जोड्या मोठ्या प्रयत्नानें गोळा केल्या होत्या. अशा जोडींतील दोघी रक्तानें एकच. तेव्हां गुण जन्मजात कीं परिस्थितीचा हें पाहण्यास याहून चांगलें साधन नाहीं. १९५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत पोटफुगीचाही विचार आहे. एकीला फुगण्याची खोड असली तर तिच्या जुळ्या बहिणीलाही ती असावयाची. जोडीजोडींत अंतर मोठें, जोडीच्या आंत थोडें. म्हणजे खोड उपजत होती.

परंतु उपजत म्हणजे नेमकी कोठें? गाईच्या देहांत, कीं तिच्या पोटांत वस्ती करून असलेल्या त्या सूक्ष्म जीवांत? याचा निवाडा करण्यासाठीं क्लार्क व रीड यांच्या मंडळानें जो प्रयोग केला तो या साऱ्या इतिहासांत सर्वांत सुंदर म्हणावा लागेल. कुशीला कायमचें झांकणाचें छिद्र ठेविलेल्या गाई घेऊन, सहज फुगणाऱ्या गाईच्या कोठीपोटांतील सगळा ऐवज न फुगणारीच्या पोटांत व तिचा हिच्या पोटांत, अशी अदलाबदल करण्यांत आली. आरंभीं फुगण्याची प्रवृत्ति ऐवजाबरोबर गेली. जी कधीं फुगत नसे ती फुगूं लागली. पण हा पालट टिकला नाहीं. थोड्याच अवधींत प्रत्येक गाय आपापल्या मूळ वळणावर आली. दुसऱ्याच्या घरचें विरजण आणून लावलें तरी दही शेवटीं आपल्याच भांड्याचें होतें, तसा हा प्रकार. पोटांतला ऐवज फुगतो खरा, पण त्याला तसा बनविते ती गाय.

गाय तो कसा बनविते, याचे दोन धागे हातीं लागले. पहिला लाळेचा. १९७४ सालीं क्लार्क, जोन्स व रीड यांनीं दाखविलें कीं फुगणाऱ्या व न फुगणाऱ्या गाईंच्या लाळेंतील प्रथिनें सारखीं नसतात. पुढें १९९६ सालीं त्यांपैकीं एका प्रमुख प्रथिनाची रचना व त्याचें आनुवंशिक बीज वेगळें काढण्यांत आलें. न फुगणाऱ्या गाईंच्या लाळेंत तें अधिक आढळतें. दुसरा धागा गतीचा. फुगणाऱ्या गाईच्या कोठीपोटांतला ऐवज पुढें सरकण्यास अधिक वेळ घेतो, म्हणून चरावयास जाण्यापूर्वींच तिची कोठी अर्धवट भरलेली असते. म्हणजे ज्या कोठीपोटाच्या मोठेपणामुळें गाय भरपूर खाते आणि भरपूर देते, त्याचें तुडुंब राहणेंच तिला भोंवतें.

१९७० नंतरच्या दशकांत रुआकुरा येथें दोन कळप मुद्दाम निराळे वाढविण्यास आरंभ झाला. एकांत सहज फुगणाऱ्यांचीच संतति ठेवावयाची, दुसऱ्यांत न फुगणाऱ्यांची. पिढ्यांमागून पिढ्या हे कळप एकमेकांपासून दूर होत गेले, आणि हा गुण निवडीनें बदलतां येतो हें निर्विवाद ठरलें; मात्र आईबापांकडून तो पुरतेपणीं उतरत नाहीं, दुधाप्रमाणेंच थोडाथोडा उतरतो. ज्या गाई फुगाव्यात म्हणूनच वाढविल्या, त्यांच्याजवळ चरण्याच्या वेळीं औषध व हत्यार घेऊन माणसांना पहारा करावा लागे, हें ओघानेंच आलें.

चाऱ्याच्या बाजूनेंही प्रयत्न झाले. बाभळीच्या सालींत जो तुरटपणा असतो त्याच वर्गाचें द्रव्य कांहीं द्विदल गवतांच्या पानांत असतें. तें प्रथिनांना बांधून टाकतें व फेस होऊं देत नाहीं. लोटस व सेनफॉइन हीं गवतें खाऊन गाय फुगत नाहीं तें यामुळें. कॅनडांत सॅस्काटून येथें पान सावकाश फुटेल अशी लसूणघासाची निवड करून १९९० नंतरच्या दशकांत एक जात काढण्यांत आली. तिनें धोका कमी होतो, जात नाहीं.

असें असूनही न फुगणाऱ्या गाईंची पैदास गोठ्यागोठ्यांत कां पसरली नाहीं? अडचण मापनाची आहे. बैलाच्या मुली दूध किती देतात हें रोज मोजतां येतें. त्या फुगतात कीं नाहीं हें पाहावयाचें तर त्यांना औषध न देतां धोक्याच्या कुरणांत सोडून द्यावें लागतें, आणि आपल्या दावणीच्या गाईंवर असा प्रयोग करावयास कोण धजेल? शिवाय ढगाळ हवा, दंव, चाऱ्याचा कोवळेपणा यांचा मेळ जमेल त्या थोड्या दिवसांतच ही परीक्षा होऊं शकते. लाळेंतील प्रथिनावरून ओळख पटेल अशी आशा होती. पण एकट्या त्या खुणेवर निवड करण्याइतका तिचा संबंध पक्का निघाला नाहीं. तोंवर औषधें स्वस्त व सोपीं होत गेलीं, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तर महिनोन् महिने पोटांत राहून झिरपत जाणाऱ्या मोनेन्सिनच्या कुप्याही आल्या. दूधवाल्यानें बैल निवडतांना दुधाचा आंकडा पाहिला आणि फुगीची चिंता औषधावर सोंपविली. ज्याच्याकडे चारच गाई आहेत तो मात्र अजूनही आपल्या पद्धतीनें निवड करतो : दोनदां फुगलेल्या गाईला तो लसूणघासाच्या बांधाकडे फिरकूं देत नाहीं, आणि तिची कालवड विकावयाची वेळ आली तर तीच आधीं विकतो.